हात वर जात नाही : ज्येष्ठांच्या खांद्याविषयी वाचकांचे प्रश्न

गुडघेदुखीवरील आमच्या मागच्या सदरानंतर जी पत्रे आली, त्यांत खांद्याची तक्रार करणारी पत्रे मला अपेक्षेपेक्षा बरीच अधिक आढळली. गुडघा दुखू लागला की माणूस लंगडतो आणि ते चारचौघांना दिसते. खांदा दुखू लागला की माणूस मुकाट्याने काम करण्याची रीत बदलतो, आणि घरातल्यांच्याही ते महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. अंबाड्याऐवजी आखूड केस, सदऱ्याऐवजी पुढून बटणे लावायचा शर्ट, माळ्यावरचे सामान ‘राहू दे, नंतर काढू’ म्हणून तसेच पडलेले. फिजिओथेरपिस्ट म्हणून ज्येष्ठांना तपासताना मी म्हणूनच हात किती वर जातो हे पाहण्याआधी विचारते की, वर्षभरापूर्वी आपण करत होता असे कोणते काम आता दुसऱ्यावर सोपवले आहे. पुढील उत्तरांमागेही हाच प्रश्न आहे.

प्रश्न : माझ्या सासूबाई ७३ वर्षांच्या आहेत. चार महिन्यांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरून त्या उजव्या हातावर पडल्या आणि खांद्याजवळ दंडाचे हाड मोडले. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली नाही. तीन आठवडे हात पाऊचमध्ये ठेवला. आता हाड जुळले आहे असे ते सांगतात, पण सासूबाईंना अंबाडा घालता येत नाही, ब्लाउज घालताना त्या रडकुंडीला येतात आणि फडताळातला डबा काढायलाही हाक मारतात. आम्ही त्यांना सर्व कामांतून विश्रांती दिली आहे. शस्त्रक्रिया न करून आमची चूक झाली का?
(एक वाचक, कोथरूड)

उत्तर : आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण ‘आपले चुकले’ ही रुखरुख मनात असेपर्यंत पुढचे काही नीट ऐकू येत नाही. ज्येष्ठांमध्ये खुबा आणि मनगट यांच्या खालोखाल दंडाच्या हाडाचे वरचे टोक मोडते, आणि यांतल्या बहुतेकांचे हाड शस्त्रक्रियेवाचून जुळते. ब्रिटनमधील ३२ रुग्णालयांतल्या २५० रुग्णांचा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. हाडाचे तुकडे जागचे सरकले आहेत, पण सांधा निखळलेला नाही, अशा या रुग्णांपैकी निम्म्यांवर शस्त्रक्रिया केली आणि निम्म्यांचा हात झोळीत ठेवला. दोन वर्षांनंतर हाताचा वापर कितपत होतो हे पाहिले, तेव्हा दोन्ही गटांत म्हणण्याजोगा फरक निघाला नाही. शस्त्रक्रिया अटळ ठरते असे अस्थिभंगही असतात, पण डॉक्टरांनी एक्स-रे पाहून हात झोळीत ठेवायचे ठरवले असेल, तर तो निष्काळजीपणा नव्हे.

मग हाड जुळूनही हात का चालत नाही? खुबा आणि खांदा हे दोन्ही उखळीचे सांधे आहेत, पण खुब्याची उखळ खोल असते आणि खांद्याची बशीसारखी उथळ. या उथळपणामुळेच हात शरीरातल्या इतर कोणत्याही सांध्यापेक्षा अधिक दिशांना फिरतो; मात्र हाडाचा गोळा बशीत धरून ठेवण्याचे काम हाडाऐवजी स्नायूंना आणि सांध्याभोवतीच्या आवरणाला करावे लागते. हात बाजूने पूर्ण वर नेताना होणाऱ्या १८० अंशांच्या हालचालीपैकी सुमारे १२० अंश दंडाच्या सांध्यात आणि उरलेले ६० अंश खवाट्याच्या, म्हणजे पाठीवरच्या त्रिकोणी हाडाच्या, सरकण्यातून मिळतात. तीन आठवडे हात पोटाशी बांधून राहिला की आवरण आखडते, स्नायू रोडावतात आणि खवाटाही आपली लय विसरतो. हाड जुळल्याचे एक्स-रेमध्ये दिसते. ही लय हरवल्याचे एक्स-रेमध्ये दिसत नाही.

आपण लिहिलेली तिन्ही कामे खांद्याच्या दृष्टीने अगदी वेगवेगळी आहेत, म्हणून ती एकाच वेळी सुधारणार नाहीत. अंबाडा घालायला हात डोक्यामागे न्यावा लागतो, तो बाहेरच्या बाजूला वळवावा लागतो आणि शिवाय गाठ बसेपर्यंत तसाच तोलून धरावा लागतो. हात वर जाऊ लागला तरी तो दोन मिनिटे वर टिकवण्याची ताकद पुष्कळ उशिरा येते. ब्लाउजला मागे हूक असतील तर हात आत वळवून पाठीमागे न्यावा लागतो, आणि ही हालचाल सहसा सगळ्यांत शेवटी परतते. डब्याच्या बाबतीत अडचण वजनाची आहे : दोन किलोंचा डबा छातीशी धरला तर काही वाटत नाही, पण तोच हात लांब करून डोक्याच्या उंचीवरून उचलला की खांद्यावर त्याचा भार कितीतरी पटींनी पडतो.

त्या जेवतात कशा, हे एकदा न सांगता पाहावे. अशा रुग्णांत घास तोंडाकडे नेण्याऐवजी मान ताटाकडे वाकू लागते, हात उचलताना खांदा कानाकडे चढतो आणि कंबर दुसऱ्या बाजूला झुकते. शरीर अशी चोरवाट शोधते आणि काम होऊनही जाते. पण ती वाट पक्की झाली की मान आणि पाठ दुखू लागतात आणि खांद्याला काम उरत नाही.

म्हणूनच आपण प्रेमाने दिलेली संपूर्ण विश्रांती आता थांबवावी, असे मी आग्रहाने सांगेन. हाड जुळल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे, तेव्हा हात वापरल्याने ते पुन्हा सुटेल ही भीती बाळगू नये. भाजी निवडणे, पोळ्या लाटणे, कपड्यांच्या घड्या घालणे ही कामे कोपर अंगाजवळ ठेवून होतात; ती आजपासूनच त्यांच्याकडे द्यावीत. ओटा पुसताना दोन्ही हात फडक्यावर ठेवून ते हळूहळू पुढे सरकवत न्यावे आणि परत आणावे. हा खांद्याचा उत्तम व्यायाम आहे, आणि ‘व्यायाम करा’ म्हटल्यावर टाळाटाळ करणाऱ्या कित्येक आजी तो काम म्हणून आनंदाने करतात. चांगला हात टेबलावर टेकून, कमरेत थोडे वाकून दुखरा हात झोपाळ्यासारखा सैल हलवण्याचा व्यायाम बोस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन या शल्यविशारदाच्या नावाने ओळखला जातो आणि तो आजही पहिल्या पायरीला शिकवतात. आपल्या सासूबाई त्याच्या पुढच्या पायऱ्यांवर असायला हव्यात, म्हणून फिजिओथेरपिस्टला एकदा प्रत्यक्ष दाखवून पुढचा क्रम ठरवून घ्यावा. व्यायाम दिवसातून एकदा अर्धा तास करण्यापेक्षा चार वेळा पाच-पाच मिनिटे केलेला बरा. करताना ओढ लागणे ठीक आहे. पण ठणका रात्रभर राहिला, तर दुसऱ्या दिवशी प्रमाण कमी करावे.

दरम्यान रोजचे दिवस सुसह्य करण्याच्या काही गोष्टी आहेत. ब्लाउज पुढून हूक असलेले आणि बाह्या सैल असलेले शिवून घ्यावेत. कपडा घालताना दुखरा हात बाहीत आधी घालावा आणि काढताना तो शेवटी काढावा. या एका क्रमाने निम्मे रडणे थांबते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. केस विंचरताना खुर्चीवर बसून कोपर उशीच्या थप्पीवर टेकवावे. निऱ्या खाली असल्याने त्या बहुधा जमतात, पण पदर खांद्यावर टाकताना हात अडतो; तेथे पदर चांगल्या हाताने पुढून घेऊन टाकावा आणि पिन घरातल्या कोणी लावावी. डब्यांविषयी मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. सगळे डबे खाली आणून ठेवू नयेत. जड डबे ओट्याच्या उंचीला आणावेत आणि चहा-साखरेचे हलके डबे खांद्याच्या उंचीच्या कप्प्यात राहू द्यावेत, म्हणजे दिवसातून चार-सहा वेळा हात आपोआप तेथवर जाईल. सुधारणा वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ होत राहते. हात पूर्वीइतका सरळ आकाशाकडे जाईलच असे नाही, पण साधारण १२० अंशांपर्यंत गेला तर घरातली बहुतेक कामे होतात.

आता जे आपण विचारलेले नाही, पण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, ते. उभ्या उंचीवरून पडून हाड मोडते, तेव्हा हाडे ठिसूळ झाली असण्याची शक्यता मोठी असते, आणि असा एक अस्थिभंग झाल्यानंतर खुब्याचे हाड मोडण्याचा धोका वाढतो. सासूबाईंची डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी, तपासणी झाली नसेल तर ती करून घ्यावी आणि हाडांच्या घनतेसाठी औषध लागेल का, हे डॉक्टरांना विचारावे. त्या का पडल्या, याचाही शोध घ्यावा : पाणी सांडले होते, मोतीबिंदू वाढला आहे, रक्तदाबाच्या गोळीनंतर उठताना चक्कर येते, की झोपेची गोळी चालू आहे? तोल जाताना आपण हात पसरून स्वतःला सावरतो, आणि त्यांचा सावरणारा हातच सध्या अपुरा आहे. न्हाणीघरात डाव्या हाताला येईल असा पक्का कठडा या आठवड्यातच बसवावा. तो भिंतीत ठोकलेला हवा. टॉवेल अडकवायच्या दांडीवर माणसाचा भार पेलत नाही.

प्रश्न : माझे वय ६८ आहे. सहा महिन्यांपासून उजवा खांदा दुखतो. हात बाजूने वर नेताना मध्येच कळ येते आणि त्या कुशीवर झोपता येत नाही. एमआरआयमध्ये ‘रोटेटर कफ’चा एक स्नायुबंध पूर्ण फाटल्याचे आले आहे. ‘पूर्ण फाटला’ हे वाचल्यापासून मी हात हलवायलाही घाबरतो. शस्त्रक्रिया करावीच लागेल का?
(एक वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : रोटेटर कफ म्हणजे खवाट्यापासून निघून दंडाच्या हाडाच्या गोळ्याला कवेत घेणाऱ्या चार स्नायूंचे टोपण. त्यांतला सर्वांत वरचा स्नायुबंध दोन हाडांच्या मधल्या अरुंद जागेतून जातो आणि वयाबरोबर दोरीसारखा विरत जातो. साठीनंतर एमआरआय केला तर खांदा मुळीच दुखत नसलेल्या अनेकांतही अशी फाट आढळते. त्यामुळे अहवालातील शब्द वाचून उपचार ठरत नाहीत. हातात ताकद किती उरली आहे आणि काय करता येत नाही, यावरून ते ठरतात.

आपला त्रास हळूहळू सुरू झाला, पडण्या-आपटण्याचे आपण काही लिहिलेले नाही, आणि हात वर जातो असे दिसते. अशा वेळी आधी निदान तीन महिने नेटाने फिजिओथेरपी करावी, असाच सल्ला सहसा दिला जातो, आणि बऱ्याच जणांना नंतर शस्त्रक्रियेची गरज भासत नाही. फाटलेला बंध व्यायामाने शिवला जात नाही. शेजारचे धडधाकट स्नायू त्याचा भार उचलायला शिकतात. याउलट काल-परवापर्यंत चांगला असलेला हात पडल्यानंतर एकाएकी उचलेनासा झाला, तर मात्र तीन महिने थांबू नये. फाटलेला स्नायू मागे आक्रसतो, त्याच्या जागी चरबी साठते आणि मग तो शिवण्याजोगा राहत नाही. म्हणून अशा वेळी काही दिवसांतच अस्थिरोगतज्ज्ञांना गाठावे. स्नायुबंध दुरुस्तीपलीकडे गेला आणि सांधाही झिजला, तर गोळा आणि बशी यांच्या जागांची अदलाबदल करणारे कृत्रिम सांधारोपण करता येते. फ्रान्सचे पॉल ग्रामाँ यांनी १९८०च्या दशकात त्याला आजचे रूप दिले. आपल्या पत्रावरून तो विचार फार दूरचा वाटतो.

रात्री पाठीवर किंवा चांगल्या कुशीवर झोपावे आणि दुखऱ्या हाताखाली, कोपरापासून मनगटापर्यंत, एक उशी घ्यावी. गॅलरीतले कपडे वाळत घालायला छताला पुली असेल तर दोरी चांगल्या हाताने ओढावी आणि दांडी छातीच्या उंचीवर आणूनच कपडे टाकावेत. जुन्या वाड्यातली उंच दांडी आणि काठी असेल, तर ते काम सध्या दुसऱ्या कोणाकडे द्यावे. हात वर ताणून, पुढे ओणवे होऊन जड ओले धोतर पसरणे हे या फाटीसाठी सर्वांत वाईट काम आहे. दुकानातून आपल्या मनाने वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत. या वयात त्यांतल्या अनेक गोळ्या मूत्रपिंडाला आणि जठराला त्रास देतात, आणि रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढवतात.

प्रश्न : मला बारा वर्षांपासून मधुमेह आहे, वय ६१. डावा खांदा ‘धरला’ आहे. हात मागे जात नाही आणि दुसऱ्याने उचलून पाहिला तरी अडतो. एका मालिशवाल्याकडे दोन-तीन झटके देऊन खांदा मोकळा करून मिळतो असे शेजारी सांगतात. जावे का?
(एक वाचक, सहकारनगर)

उत्तर : कृपया जाऊ नये. मधुमेह असलेल्यांची हाडे ठिसूळ असू शकतात, आणि झटक्याने दंडाचे हाड मोडण्याचा किंवा आवरण फाटण्याचा धोका खरा आहे.

स्वतः उचलला तरी अडतो आणि दुसऱ्याने उचलला तरी अडतो, हे ‘फ्रोझन शोल्डर’चे लक्षण आहे. हे नावही वर उल्लेखलेल्या कॉडमन यांनीच १९३४ साली रूढ केले. सांध्याचे आवरण सुजून जाड होते आणि आक्रसते. मधुमेह आणि थायरॉइडचे विकार असलेल्यांना हे अधिक होते. पहिले काही महिने वेदना फार असतात, मग वेदना ओसरून ताठरपणा उरतो, आणि शेवटी तोही हळूहळू सुटतो. सगळ्याला एक ते तीन वर्षे लागू शकतात. पहिल्या टप्प्यात ताणून व्यायाम केला तर दुखणे भडकते, म्हणून तेव्हा शेक, हलका झोका आणि वेदनेवर उपचार एवढेच करावे. डॉक्टर सांध्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन सुचवतील. ते घेतल्यावर काही दिवस रक्तातली साखर वाढते, तेव्हा ती रोज मोजावी. एक्स-रे आधीच काढून घ्यावा, म्हणजे दुसरे काही सुटून जाणार नाही. आणि एक इशारा : डाव्या खांद्यात एकाएकी दुखू लागले, हात हलवण्याशी त्याचा काही संबंध नसला, सोबत घाम, धाप किंवा छातीत दाब जाणवला, तर ते हृदयाचे दुखणे असू शकते. मधुमेहात छातीत फारसे न दुखताही हृदयविकाराचा झटका येतो, म्हणून अशा वेळी शेकत बसू नये, थेट रुग्णालयात जावे.

प्रश्न : वय ६६. दोन महिन्यांपूर्वी स्कूटरवरून पडून उजवा खांदा निखळला. त्याच दिवशी बसवला. तीस वर्षे रोज सूर्यनमस्कार आणि सर्वांगासन करत आलो आहे. पुन्हा कधी सुरू करू?
(एक वाचक, मॉडेल कॉलनी)

उत्तर : तरुणाचा खांदा निखळला तर तो पुन्हा पुन्हा निखळण्याची भीती असते, साठीनंतर त्याहून अधिक काळजी स्नायुबंध फाटल्याची आणि मज्जातंतू ताणला गेल्याची असते. दंडाच्या बाहेरच्या बाजूला, खांद्याच्या खाली, बधिर वाटते का? दोन महिन्यांनंतरही हात स्वतःच्या बळावर वर जात नाही का? यांपैकी एकाचे जरी उत्तर ‘होय’ असेल, तर सोनोग्राफी किंवा एमआरआय झाल्याशिवाय आसनांचा विचार करू नये.

तसे काही नसेल, तरी सूर्यनमस्काराचे सगळे टप्पे सारखे नसतात. उभ्याने हात जोडणे आणि वाकणे लवकर सुरू करता येईल; शरीराचा भार तळहातांवर घेण्याचे मधले टप्पे सर्वांत शेवटी. आपल्या परिसरातच बी. के. एस. अय्यंगार यांची १९७५ सालापासूनची योगसंस्था आहे, आणि पट्टा, दोर, ठोकळा, खुर्ची यांचा आधार घेऊन दुखापत झालेल्या शरीरालाही आसन सुरक्षित करून देणे, ही त्यांच्या परंपरेची जगभर गेलेली देणगी आहे. जमिनीऐवजी भिंतीवर किंवा खुर्चीच्या पाठीवर हात टेकून केलेले वाकणे हा सध्या आपला सूर्यनमस्कार समजावा. मात्र शिक्षकांना दुखापतीची पूर्ण माहिती द्यावी. सर्वांगासनात मान आणि खांदे दोन्हींवर भार येतो, त्यामुळे हाडांची घनता तपासल्याशिवाय मी ते पुन्हा सुरू करायला सांगणार नाही. तीस वर्षांची सवय सोडताना वाईट वाटते, हे मी समजू शकते. तरीही माझे मत हेच आहे. स्कूटरही ब्रेक जोरात दाबून हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरता येईपर्यंत चालवू नये.

प्रश्न : डावा गुडघा झिजल्यामुळे काठी उजव्या हातात धरतो. आता उजवा खांदाच दुखतो. काठी डाव्या हातात घेतली तर चालेल का? खुर्चीतून उठताना आणि बसमध्येही त्रास होतो. वय ७६.
(एक वाचक, पर्वती पायथा)

उत्तर : आपली काठी योग्य हातात आहे, दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातातच ती धरावी, म्हणजे गुडघ्यावरचा भार हलका होतो. हात बदलण्याआधी काठीची उंची तपासावी. चपला घालून सरळ उभे राहावे आणि हात सैल सोडावा. काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी यायला हवी, म्हणजे ती धरल्यावर कोपर किंचित वाकलेले राहते. घरात कोणाची तरी जुनी काठी असते म्हणून तीच वापरली जाते, आणि ती दोन इंच जरी उंच असली तरी प्रत्येक पावलाला खांदा वर ढकलला जातो. निम्म्या लोकांचे दुखणे येथेच असावे, असे मला वाटते. काठी कापून घ्यावी आणि खालचे रबर झिजले असेल तर बदलावे. त्यानेही आठवडाभरात उतार पडला नाही, तर थोडे दिवस, घरातल्या घरात, काठी डाव्या हातात घ्यायला हरकत नाही. मात्र त्यात गुडघ्याला कमी आराम मिळतो, म्हणून लांब चालणे त्या दिवसांत टाळावे आणि खांदा तपासून घ्यावा.

खुर्चीतून उठताना हातांनी रेटा दिला की शरीराचा बराच भार खांद्यावर येतो. खुर्चीवर जाड, टणक उशी ठेवून बैठक उंच करावी. उठण्याआधी पुढे सरकावे, पाय गुडघ्यांच्या मागे घ्यावेत, छाती पुढे झुकवावी आणि मग पायांच्या बळावर उठावे. पीएमपीच्या बसमध्ये चढताना डाव्या हाताने दांडा धरावा आणि काठी उजव्या हातात नुसती असू द्यावी. आत छताजवळच्या आडव्या दांडीला लटकू नये. उभा खांब छातीच्या उंचीवर धरावा. ज्येष्ठांसाठी राखीव आसन मागून घ्यावे, आणि आपण बसेपर्यंत गाडी थांबवून धरा, असे वाहकाला चढतानाच सांगावे.